युनियनची पावती आणि फंडाचा पैसा

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत युनियन हा घरचाच विषय. सेंट्रल रेल्वे मजदूर संघ मोठा की नॅशनल रेल्वे मजदूर युनियन, यावर टपरीवरचा चहा निवतो. तिथून जळगावची एमआयडीसी तासाभराच्या आत. पण डाळ मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात युनियनची पावती फाडणारा कामगार शोधावा लागतो.

‘या मजुरांना संघटना नकोच असते’ असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. रेल्वेत मालक एक, कामगार हजारो आणि नोकरी कायम. छोट्या कारखान्यात मोजके हात, तेही ठेकेदाराचे. आज जो बोलला त्याला उद्या बोलावणं येईलच असं नाही. 1926 च्या कायद्यापासून नोंदणीच्या अर्जाला सातच सभासद लागतात. 2001 च्या दुरुस्तीपासून एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जे कमी तेवढे सभासदही हवेत. अडचण कायद्यापेक्षा त्या रोजच्या बोलावण्याची आहे.

दुसरा गैरसमज नोकरी बदलण्याचा. नोकरीबरोबर युनियन सुटली की फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, बुडतो, असं कितीतरी जण मानतात. फंडाचा युनियनशी संबंध नाही. 2014 पासून प्रत्येक सभासदाला कायमचा यूएएन क्रमांक मिळतो आणि जुनी रक्कम नव्या मालकाकडच्या खात्यात वळवता येते. ग्रॅच्युइटी मात्र अशी वळत नाही. कायम कामगाराला ती मिळवायला साधारणपणे एकाच मालकाकडे सलग पाच वर्षं काढावी लागतात. चौथ्या वर्षी कारखाना बदलणाऱ्याने हा हिशेब आधी मांडायला हवा.

उलट, भक्कम युनियन पाठीशी असली म्हणजे सगळं टिकतं, असंही नाही. रेल्वे कर्मचारी स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात गेला की ज्येष्ठता यादीत तळाला जातो.

‘हमालाला कसला आलाय फंड?’ हा प्रश्न बाजार समितीत आजही ऐकू येतो. त्याचं उत्तर 1969 च्या माथाडी कायद्यात आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या माथाडींनी लढून तो मिळवला. त्यातली व्यवस्था मोठी सुंदर आहे. हमालाची नोंद टोळीसह माथाडी मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो. फंड, ग्रॅच्युइटी, बोनस मंडळ सांभाळतं. आज या आडतीवर, उद्या त्या गोदामात पोती उचलली तरी खातं तेच राहतं. मंडळ म्हणजे युनियन नव्हे, ते कायद्याने नेमलेलं मंडळ आहे. पण संघटित हमालांच्या रेट्याशिवाय ते झालं नसतं.

नोंद नसलेल्या हमालाला यातलं काही मिळत नाही. त्याची मजुरी संध्याकाळी हातात पडते आणि हिशेब तिथेच मिटतो.