न्याय परजिल्ह्यात जातो, तेव्हा खर्च कोणी सोसायचा?

एका जिल्ह्यातील सरकारी वकिलाकडून खटला काढून तो दुसऱ्या जिल्ह्याच्या वकिलाकडे सोपविण्याची वेळ आली, की राज्यकर्त्यांना आधी आठवते ती तिजोरी. वकिलांचा प्रवास, मुक्काम, साक्षीदारांचा भत्ता आणि त्या वकिलाच्या स्वतःच्या जिल्ह्यात खोळंबणारे खटले! हा हिशेब खोटा नाही. पण तो अर्धाच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचेच पाहा. तेथे 159 कौंट्या आहेत. कौंटी म्हणजे आपल्याकडील लहानसा जिल्हाच. त्यांच्या न्यायिक मंडळांत लोकांनी निवडून दिलेला मुख्य सरकारी वकील असतो. त्याचा मूळ पगार राज्य देते, कौंट्या त्यात भर घालतात. म्हणजे श्रीमंत कौंटीचे कार्यालय भक्कम आणि गरीब कौंटीचे तुटपुंजे!

23 फेब्रुवारी 2020 रोजी ग्लिन कौंटीत अहमॉड आर्बरी हा 25 वर्षांचा काळा तरुण धावत जात असताना तिघा गोऱ्यांनी गाड्यांतून त्याचा पाठलाग केला. त्यातील एकाने त्याला गोळ्या घालून ठार मारले. आरोपींपैकी एक जण त्याच भागाच्या सरकारी वकील कार्यालयातील माजी तपासनीस. त्यामुळे मुख्य वकील जॅकी जॉन्सन बाजूला झाल्या. प्रकरण शेजारच्या मंडळातील जॉर्ज बार्नहिल यांच्याकडे गेले. त्यांचा मुलगा जॉन्सन यांच्याच कार्यालयात नोकरीला! अटकेला आधार नाही, असे त्यांनी पोलिसांना लिहून कळविले आणि मग तेही बाजूला झाले. तिसरे आले टॉम डर्डन. मे महिन्यात हत्येची चित्रफीत जगासमोर आली, तेव्हा कुठे 74 व्या दिवशी पहिल्या अटका झाल्या.

पुढे काय झाले? एवढा मोठा खटला आपल्या कार्यालयाला पेलणार नाही म्हणून डर्डन यांनीच बदली मागितली. चौथ्या खेपेस प्रकरण शेकडो किलोमीटर दूर, अटलांटाजवळच्या कॉब कौंटीकडे गेले. तेथील वकिलांनी ग्लिनमध्ये येऊन 18 ऑक्टोबर ते 24 नोव्हेंबर 2021 असा खटला चालविला. तिन्ही आरोपी दोषी ठरले.

वाचकहो, हिशेब आता पुरा करा. शेजारच्या शेजारी झालेली बदली स्वस्त होती, पण तिने एकही आरोपी गजाआड गेला नाही. लांबची बदली महाग होती, पण न्याय तिनेच दिला. सोयरीक आणि हितसंबंध जेथपर्यंत पोहोचतात, त्याच्या पलीकडे खटला न्यावा लागतो. तो नेण्याला पैसा लागतो.

हे आपल्याला परके नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोनई येथे 1 जानेवारी 2013 रोजी तीन दलित तरुणांची हत्या झाली. तो खटला नाशिकला हलवावा लागला, विशेष सरकारी वकील नेमावे लागले. 2018 मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. उलट खर्डा येथील 2014 च्या हत्येचा खटला अहमदनगरलाच चालला, साक्षीदार फुटले आणि 2017 मध्ये सारे आरोपी सुटले. खटला हलवला की न्याय मिळतोच, असा दावा आम्ही करीत नाही. पण साक्षीदाराला गावाच्या दहशतीतून बाहेर काढण्याचा तो एक मार्ग आहे, हे कोण नाकारील?

अत्याचार प्रतिबंधक कायद्याने यासाठी तरतूद केलेली आहे. कलम 21 साक्षीदारांच्या प्रवासाचा व निर्वाहाचा खर्च राज्यावर टाकते. 1995 चे नियम विशेष वकिलाला इतर वकिलांपेक्षा जास्त शुल्क द्यायला सांगतात. म्हणजे हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही, ते राज्याचे कर्तव्य आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. हलविलेल्या खटल्यांसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष हवे. प्रत्येक वेळी मोर्चा निघाल्यावरच वकील नेमायचा, ही रीत बंद झाली पाहिजे. ज्या गावातले मोर्चे मुंबईपर्यंत पोहोचत नाहीत, तिथल्या मयताच्या आईने काय करायचे?