आल्बमातील आजी

मराठी कुटुंबात गेलेली आजी दोन ठिकाणी भेटते. एक दिवाणखान्याच्या भिंतीवरील तसबिरीत आणि दुसरी कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या आल्बमात. चंदनाचा हार घातलेली तसबीर रोज दृष्टीस पडते, म्हणून आजी तशीच होती असे नातवंडे धरून चालतात. परंतु या तसबिरीचा जन्म पुष्कळदा आजीच्या मृत्यूनंतर झालेला असतो. आपला एकटीचा फोटो काढवून घ्यावा असे मागच्या पिढीतील गृहिणीच्या फारसे मनात येत नसे. ती गेल्यावर शोधाशोध होई. एखाद्या लग्नाच्या किंवा मुंजीच्या समूहचित्रातून तिचा चेहरा वेगळा काढून मोठा करीत. मग स्टुडिओतील कारागीर बारीक कुंचल्याने सुरकुत्या पुसून टाकी, पदर सारखा करी आणि सौभाग्यवती असेल तर कपाळावरील कुंकू ठसठशीत करी. मूळ चित्रात आजीचा हात कोणा मुलीच्या खांद्यावर असे. तसबिरीत चेहरा आला; हात आणि ती मुलगी दोन्ही बाहेर राहिली.

ज्याला आजी जाणून घ्यावयाची आहे त्याने म्हणून आल्बमाकडे वळले पाहिजे. आणि बंगळूरसारख्या शहरातील मराठी घरांना तर ही गोष्ट अधिकच निकडीची आहे.

बंगळूरचा आणि मराठीचा संबंध जुना आहे. विजापूरच्या फौजेने १६३८ साली हे शहर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. विसाव्या शतकात मराठी माणसे येथे निराळ्या निमित्ताने आली. १९०९ साली स्थापन झालेली विज्ञान संस्था, १९४० साली निघालेला विमानांचा कारखाना, स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले टेलिफोनचे आणि घड्याळांचे कारखाने यांनी विद्यार्थी, इंजिनियर आणि कारागीर यांना बोलावून घेतले. १८९८ च्या प्लेगनंतर वसविलेल्या बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वस्त्यांतून, पुढे जयनगरातून, त्यांनी बिऱ्हाडे केली. गावाकडील वाडा सुटला, भाऊबंद दुरावले. ट्रंकेच्या तळाशी घालून आणलेली छायाचित्रे तेवढी बरोबर आली.

तीन पिढ्यांनंतर या घरांतील नात आल्बम उघडते तेव्हा तिच्यापुढे पहिली अडचण येते ती नात्यांच्या नावांची. आजीला ती शाळेतल्या मैत्रिणींच्या बरोबरीने ‘अज्जी’ म्हणू लागलेली असते. त्यात बिघडत काही नाही. दोन्ही शब्द सख्खे आहेत. परंतु कन्नडमध्ये वडिलांची बहीण, मामाची बायको आणि सासू या तिघींनाही ‘अत्ते’ हा एकच शब्द चालतो, आणि इंग्रजीतील ‘आंटी’ने तर शेजारीणही त्याच रांगेत आणून बसविली आहे. मराठीने आत्या, मामी, मावशी, काकू, नणंद, जाऊ असे प्रत्येकीला निराळे आसन दिले. समूहचित्रात आजीच्या शेजारी बसलेली बाई तिची जाऊ होती की नणंद, हे कळल्याखेरीज त्या दोघींमधील अंतर, त्या हसण्यातील मोकळेपणा किंवा अवघडलेपण यांचा अर्थ लागत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मराठी घरांत लग्नानंतर मुलीचे पहिले नावही बदलण्याची चाल होती. ताम्हनातील किंवा ताटातील तांदळांवर नवरा अंगठीने नवे नाव लिही आणि त्या क्षणापासून सासरच्या माणसांना तेवढेच नाव माहीत असे. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आलेल्या आणि संचालक सी. व्ही. रामन यांच्याशी झगडून प्रवेश मिळविणाऱ्या कमला भागवत पुढे कमला सोहोनी झाल्या. त्यांचे पहिले नाव कायम राहिले आणि त्यांच्या संशोधनाचीही नोंद झाली, म्हणून दोन नावांमधील धागा तुटला नाही. सामान्य घरातील आजीची नोंद कोण ठेवणार? तिच्या माहेरच्या फोटोतील परकरी मुलगी कोण, हे सांगणारी शेवटची व्यक्ती गेली की ते बालपण आजीचे राहतच नाही. ते कोणाचेही होते.

पाहणाऱ्याला छायाचित्र स्वतःहूनही बरेच सांगते. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला स्टुडिओचे आणि गावाचे नाव छापलेले असते. नऊवारी जाऊन पाचवारी केव्हा आली, पगडीच्या जागी टोपी केव्हा आली, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. मागे पत्त्यासाठी रेघा असल्या तर तो फोटो पोस्टकार्डाच्या कागदावर छापलेला असून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असण्याचा संभव अधिक. मागच्या बाजूस मोडीतील एखादी ओळ असली तर ती वाचणारा माणूस वेळीच गाठावा, कारण मोडी जाणणारे आता थोडे उरले आहेत. परंतु खांद्यावर ठेवलेला हात कोणाचा, हे कागद सांगत नाही. ते माणसानेच सांगावे लागते.

रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने आईच्या मृत्यूनंतर तिचा बालपणीचा एक फोटो शोधून काढला आणि त्यावर १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात विस्ताराने लिहिले. तो फोटो मात्र पुस्तकात छापला नाही. परक्याला ते एक साधे जुने चित्रच वाटेल, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे चित्रकार विवान सुंदरम् यांनी उलट वाट धरली. आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेली घरची छायाचित्रे एकमेकांत मिसळून त्यांनी २००१ पासून नवी चित्रे रचली, आणि आजोबा, मावशी अमृता शेरगिल व आई यांना एकाच चौकटीत पुन्हा भेटविले. दोघांनाही हे साधले, कारण चित्रातील माणसे कोण हे त्यांना ठाऊक होते. अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ या संग्रहातही कौटुंबिक फोटोबरोबर त्यामागची हकिकत मागितली जाते. बंगळुरात २०२३ साली कस्तुरबा रस्त्यावर कला आणि छायाचित्रांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले आहे; पण घराघरांतील आजी सांभाळण्याचे काम कोणतेही संग्रहालय करू शकणार नाही.

ते काम अवघड नाही. फोटो कडेला धरून हाताळावेत. दमट भिंतीशी, माळ्यावर किंवा उन्हात ठेवू नयेत. ओलाव्याने बुरशी धरते आणि कसर लागते. चिकट पानांचे आल्बम एके काळी घरोघर आले होते. त्यांतील डिंक कागद खातो, तेव्हा सहज सुटतील ते फोटो काढून घ्यावेत; न सुटणारे ओढू नयेत. जुन्या रंगीत फोटोंचे रंग कृष्णधवल फोटोंच्या आधी उडतात, म्हणून त्यांच्या प्रती आधी करून घ्याव्यात. मागच्या बाजूस कडेला मऊ पेन्सिलीने, दाब न देता लिहावे; शाईच्या पेनाने नव्हे.

आणि लिहावे ते असे की परक्याला कळेल. नुसते ‘आजी’ एवढे लिहून भागत नाही. पन्नास वर्षांनी ती कोणाची आजी, हाच प्रश्न उरतो. सासरचे नाव, माहेरचे नाव, गाव, साल आणि शेजारच्या माणसाशी असलेले नाते लिहावे. घरातील सर्वांत वयस्क माणसाजवळ एखाद्या दुपारी आल्बम घेऊन बसले म्हणजे हे सारे मिळते. तो माणूस चष्मा पुसून चित्र उजेडाकडे धरील, थोडा थांबेल आणि एक नाव उच्चारील. ते नाव त्याच वेळी लिहून घ्यावे.