ढिला सांधा, जळणारा माल

कापडाच्या दुकानाला आग लागली की 'शॉर्टसर्किट' हे एकच कारण सांगून लोक मोकळे होतात. पण कित्येकदा तारा एकमेकींना चिकटलेल्याच नसतात. एखादा ढिला सांधा महिनोन्‌महिने तापत असतो. हे कसे घडते, ते व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

धातूत इलेक्ट्रॉन नावाचे सूक्ष्म कण मोकळे फिरत असतात. त्यांना पुढे ढकलणारा जोर म्हणजे व्होल्टेज. प्रवाहाचे माप अँपिअर. वाटेत हे कण धातूच्या थरथरणाऱ्या अणूंशी अडखळतात. या अटकावाला रोध म्हणतात व तो ओहममध्ये मोजतात. व्होल्टेजला रोधाने भागले की प्रवाह निघतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडला. तार लांब तर रोध जास्त, जाड तर कमी. त्याच मापाच्या अॅल्युमिनियम तारेचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो.

रोधात खर्च झालेल्या विजेची उष्णता बनते. हिशेब सोपा आहे : प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले रोध. शिलाईच्या कारखान्यात हजार वॅटच्या दोन इस्त्र्या चालू असल्या, तर २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह वाहतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार जाऊन-येऊन ६० मीटर असेल, तर तिचा रोध सुमारे ०.७ ओहम. म्हणजे पन्नास-पंचावन्न वॅट उष्णता. पण ती साठ मीटरभर पसरते. उलट ढिल्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला, तर ४० वॅट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोंडते. तापल्याने सांध्यावर गंज चढतो, रोध आणखी वाढतो.

फ्यूज किंवा एमसीबी इथे कामी येत नाही. प्रवाह ९ अँपिअरच राहतो, मग ते तुटणार कशाने?

म्हणून प्लग गरम लागला, जळका वास आला किंवा दिवा लुकलुकला, तर मेन स्विच बंद करून जाणकार वायरमनला बोलवा. तांबे व अॅल्युमिनियम नुसते पिळून जोडू देऊ नका. त्यासाठी वेगळे जोड मिळतात. सांध्याजवळ ठाण रचू नका. वर्षातून एकदा सर्व स्क्रू आवळून घ्या.

दुकानातील उधारीचा माल ही अमानत आहे. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावा, हे आपण जाणतोच.