हौदा भरल्यावर कळते ती गाडी
लेखमाला : रस्त्यावरचा महाराष्ट्र – भाग ६

मागच्या भागात आपण दहाचाकी-बाराचाकी ट्रकच्या मालकांचा हिशेब पाहिला. या आठवड्यात विषय पिकअपचा.

नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, सांगोला, कुडाळ, कुठेही जा. चार गाडीमालक चहाला उभे आहेत आणि एखाद्या तरुणानं ‘कुठली घेऊ?’ असं विचारलं, की चार उत्तरं येतात आणि चारही ठाम. एक म्हणतो, महिंद्राशिवाय दुसरं बघू नको. दुसरा टाटाच्या नावानं शपथ घेतो. तिसरा अशोक लेलँडच्या ‘दोस्त’चं ॲव्हरेज सांगतो. चौथा म्हणतो, नवी घेऊच नको, माझी जुनी घेऊन जा. विचारणारा गोंधळतो. पण अशा गप्पा ऐकताना मला नेहमी वाटतं की चौघंही खरंच बोलत असतात. प्रत्येक जण आपल्या मालाबद्दल, आपल्या रस्त्याबद्दल आणि आपल्या मिस्त्रीबद्दल सांगत असतो, आणि तो सगळा अनुभव कंपनीच्या नावावर जमा होतो. गेल्या पन्नासेक वर्षांत कुठल्या गाड्या टिकल्या आणि कुठल्या गेल्या, ते बघितलं की त्यातली मिस्त्रीची बाजू सगळ्यात भारी ठरलेली दिसते.

जुन्या मालकांच्या आठवणी बहुधा मॅटाडोरपासून सुरू होतात. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली जर्मनीच्या टेम्पो कारखान्याच्या सहकार्यानं उभी राहिली. तिनं आधी तीनचाकी हॅन्सिट दिली, नंतर चारचाकी मॅटाडोर. मॅटाडोरची ओढ पुढच्या चाकांना होती. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट नसल्यामुळे हौदा जमिनीला जवळ ठेवता आला आणि हमालांचा त्रास वाचला. पण मागे माल भरला की वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. चढावर, त्यातही पावसाच्या ओल्या रस्त्यावर, ती जागच्या जागी फिरायला लागतात. शहरात भाजी, बिस्किटं, फर्निचर वाहणाऱ्यांनी तिचं कौतुक केलं. घाटातल्या माणसानं तिचं नाव निघालं की हात जोडले.

१९८०च्या दशकाच्या मध्याला या वर्गातली सगळ्यात मोठी झुंज झाली. हलक्या मालवाहू गाड्यांसाठी सरकारनं जपानी सहकार्याला वाट मोकळी करून दिली आणि एकदम चार जोड्या बाजारात आल्या : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा. गाड्या देखण्या होत्या, केबिन आरामशीर होती आणि तंत्र नवं होतं. त्यांच्यासमोर टाटांच्या टेल्कोनं १९८६ मध्ये पुण्यात बनलेली टाटा ४०७ उतरवली. बाहेरून पाहणाऱ्याला तेव्हा जपानी गाड्यांचं पारडं जड वाटलं असतं.

मग दोन गोष्टी घडल्या. पहिली बऱ्याचदा सांगितली जाते. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलर खाली आणायचं ठरवलं आणि १९८७ संपेपर्यंत डॉलरच्या तुलनेत येन जवळजवळ दुप्पट महाग झाला. जपानहून सुटे भाग आणून इथं गाडी जोडणाऱ्यांचा खर्च त्याबरोबर चढत गेला. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते, पण माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. टाटाचे मोठे ट्रक तोवर तीस वर्षं देशभर फिरत होते. हायवेवरच्या प्रत्येक गॅरेजात त्यांची इंजिनं उघडणारे हात होते, आणि त्या हातांना ४०७ परकी वाटली नाही. सांगली-मिरजेच्या बाजूला गाडी रात्री बंद पडली तर सकाळपर्यंत भागही मिळायचा आणि माणूसही. जपानी गाडी बिघडायची कमी, पण बिघडली की पार्टची वाट बघत उभी राहायची. उभी असली तरी हप्ता चालूच. मालकांनी हा हिशेब चटकन ओळखला.

त्या चार जपानी जोड्यांचं पुढे काय झालं तेही बोलकं आहे. ऑल्विन-निस्सानचा झहीराबादचा कारखाना महिंद्राकडे गेला. डीसीएम-टोयोटाची डीसीएम-देवू झाली आणि तिथून सिएलो मोटार निघाली. आयशर टिकली, कारण तिनं सुटे भाग देशात बनवण्याचा नेट धरला. स्वराज-माझदाची एसएमएल-इसुझू झाली आणि २०२५ मध्ये तीही महिंद्राच्या हाती आली.

ज्याला आपण आज पिकअप म्हणतो, म्हणजे पुढे नाक असलेली आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी, ती टेल्कोनं १९८८ मध्ये टाटामोबाइल म्हणून आणली. पुढची २०७ तिच्याच घराण्यातली. याच पायावर सिएरा आणि सुमो उभ्या राहिल्या, त्यामुळे २०७च्या मालकाला सुमोच्या मिस्त्रीचा आधार मिळाला. महिंद्राची वाट वेगळी होती. १९४७ पासून जीप जोडणाऱ्या या कंपनीनं जीपचाच सांगाडा लांबवून मागे हौदा बसवला. २,५२३ सीसीचं डिझेल इंजिन, शिडीसारखी चेसिस, मागे पाटे. आवाज भरपूर, आराम कमी. पण खेड्यात जीप आधीच घराघरात पोचलेली होती, वडाप म्हणून रोज रस्त्यावर होती, आणि तिचे नट-बोल्ट ओळखणारी पिढी तयार होती. बोलेरो पिकअप आली तेव्हा तिला नव्यानं ओळख करून द्यावी लागली नाही. दोन ते साडेतीन टनांच्या वर्गात गेली कित्येक वर्षं महिंद्राच विक्रीत पुढे आहे, त्याचं मूळ मला या ओळखीत दिसतं.

मे २००५ मध्ये टाटा एस आली. गावानं तिला लगेच ‘छोटा हत्ती’ करून टाकलं. दोन सिलिंडरचं सातशे सीसीचं इंजिन, सोळा अश्वशक्ती, पाऊण टनाची क्षमता आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. टाटांच्या गिरीश वाघ यांच्या पथकानं ती तयार करताना तीनचाकी मालवाहू रिक्षा चालवणाऱ्यांशी बोलून गरज समजून घेतली होती. चारचाकी असली तर गावात लग्नाला मुलगी मिळते, असं त्यातल्या एकानं सांगितल्याची गोष्ट उद्योगजगतात अजून सांगतात. एसनं हजारो तरुणांना पहिल्यांदा ‘गाडीमालक’ केलं, हे तिचं मोठं काम. त्याचबरोबर तिच्याबद्दलच्या कडू आठवणीही पुष्कळ आहेत. त्या का तयार झाल्या हे नीट समजून घ्यायला हवं, कारण तोच प्रकार सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना लागू आहे.

टोमॅटोचा एक क्रेट वीस किलोचा. रिकाम्या क्रेटचं वजन धरलं की साधारण बावीस किलो. तेराशे किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये त्या हिशेबानं ५९ क्रेट बसतात. भाव वर असला की शंभर भरले जातात, म्हणजे बावीसशे किलो. गाडी बसते. मग मालक पाटेवाल्याकडे जातो आणि म्हणतो, “मामा, दोन पाटे वाढवा.” पाटे वाढले की गाडी वर उचलली जाते, दिसायला ठीक होते आणि माल वाहायला लागते. पण वाढीव पाट्यानं ताकद वाढते ती फक्त पाट्यांची. ॲक्सल तेवढाच राहतो, बेअरिंग तेवढंच, ब्रेकचे लायनर तेवढेच, चेसिसचा पत्रा तेवढाच. आधी भार जास्त झाला की पाटा लवून सूचना द्यायचा. आता तो कडक झाल्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक दणका सरळ चेसिसला जातो. वर्षभरात क्लच प्लेट जळते, मागचे टायर खातात, हब गरम होतो. आणि मालक सांगतो, अमुक कंपनीची गाडी कच्ची निघाली.

माळशेजसारख्या घाटात उतरताना तर हा प्रश्न पैशांचा राहत नाही. ब्रेकला थांबवायचं असतं ते वजन आणि वेग. वजन एवढं वाढलं की उतारावर ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला मूळ दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे, पण दंडापेक्षा समोरून येणारी एसटी जास्त मोठं कारण आहे. व्यापाऱ्यानं भाडं खेपेवर न देता टनावर दिलं की गाडीवाला जास्त भरतो. भाड्याची ही पद्धत बदलल्याशिवाय नुसत्या नाक्यांनी हे थांबणार नाही असं मला वाटतं.

गाडीनं काय सोसलंय हे जुनी पिकअप घेणारा जाणता माणूस बरोबर ओळखतो. असा एक चालक एका तरुणासाठी जुनी गाडी पारखताना मी जवळून पाहिला. “भाऊ, किलोमीटर बघू नको, खालून बघ,” असं म्हणून तो आधी हौद्याखाली आडवा झाला. केबिन आणि हौद्याच्या मधल्या जागेत चेसिसवर वेल्डिंगची रेघ आहे का, ते बोट फिरवून पाहिलं, कारण नवीन रंगाखाली डोळ्यांना ती दिसत नाही. मग मागचे पाटे मोजले. टायर आतल्या कडेनं झिजलाय का ते चाचपलं. शेवटी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. फुसफुसत धूर आला असता तर रिंगा गेल्या, गाडी ‘बॅक मारते’, इंजिन बांधावं लागणार, असा निकाल होता. बॉनेटवरचं कंपनीचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही.

२०११ मध्ये अशोक लेलँडनं निस्सानच्या सहकार्यानं सव्वा टनाची दोस्त आणली आणि टाटा-महिंद्राच्या दोन गटांत तिसरा आला. पुढे २०१६ मध्ये निस्सान बाहेर पडली, गाडी राहिली. त्याच वर्षी मारुतीची सुपर कॅरी आली. तिचं छोटं डिझेल इंजिन २०२० मध्ये बंद झालं आणि पेट्रोल-सीएनजीवर ती शहरात चांगली रुळली. इसुझूची डी-मॅक्स दणकट आहे, पण भाड्यावर जगणाऱ्याला तिची किंमत झेपत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण अनेक मालकांना त्या ठाऊक नसतात. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानं परमिट लागत नाही. अनेक पिकअपचं कागदावरचं वजन याच रेघेच्या जरा आत असतं. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवायला वेगळी नोंद लागत नाही. अपघातानंतर केवळ या कारणावरून विमा नाकारला जात असेल तर हा निकाल पुढे करा.

खरा बदल मात्र १ एप्रिल २०२० ला झाला. धुराचे बीएस-सहा नियम लागू झाले आणि मिस्त्रीच्या ओळखीवर चाललेला हा व्यवसाय पहिल्यांदा त्याच्या हाताबाहेर जायला लागला. आताचं डिझेल इंजेक्टरपर्यंत हजार बारच्या वर दाबानं जातं. भेसळीचं किंवा पाणी मिसळलेलं डिझेल जुना पंप काही दिवस सोसायचा, नवा इंजेक्टर सोसत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी सहाशे अंशांच्या आसपास तापल्यावर जळून जाते, आणि तेवढी उष्णता सलग लांब धावल्यावर सहज मिळते. रोज गावातल्या गावात सिमेंट नाहीतर सिलिंडर पोचवणाऱ्या गाडीला ती मिळत नाही. फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ताकद सोडते. लांब पल्ल्यावर वाशीला जाणारा मालक त्याच गाडीची स्तुती करत असतो.

हवेसाठी हे नियम आवश्यक होते, यात मला शंका नाही. ज्यांच्या शाळेसमोरून रोज काळा धूर सोडत गाड्या जायच्या, त्या मुलांना हे नियम हवेच होते. पण दिवा का लागला हे कळायला स्कॅनर लागतो, आणि कंपनीचा पूर्ण स्कॅनर व दुरुस्तीची माहिती अधिकृत वर्कशॉपपाशीच अडकून राहते. तालुक्याचा मिस्त्री हुशार असूनही आंधळा होतो. पन्नास-साठ किलोमीटरवरच्या वर्कशॉपला गाडी टोचन करून न्यायची, तिथं नंबर लागेपर्यंत दोन दिवस थांबायचं, आणि इकडे माल शेताच्या बांधावर. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही सुरू झालं, आणि मोटारगाड्या त्या यादीत आहेत. ही सुरुवात चांगली, पण तिचा उपयोग गॅरेजात दिसायला हवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आठ लाख मूळ किमतीच्या गाडीवर ८० हजार वाचतात. अनेक तरुण याच बळावर आता पहिली पिकअप घ्यायला निघाले आहेत. त्यांना माझी विनंती आहे : बुकिंगचे पैसे भरण्याआधी तुमच्या तालुक्यातल्या दोन मिस्त्रींना भेटा आणि ही गाडी, तिचा हाच बीएस-सहा नमुना, तुम्ही उघडता का ते विचारा. दोघं नाही म्हणाले तर ॲव्हरेज कितीही चांगलं असो, थांबा. आणि कंपन्यांना सांगणं आहे : तुमच्या गाड्या या राज्यात गॅरेजातल्या हातांनी रुजवल्या. स्कॅनर, सर्किटचे नकाशे आणि प्रशिक्षण वाजवी किमतीत त्या गॅरेजपर्यंत पोचवा.