खर्रा, किरणे आणि तग धरणाऱ्या पेशी

तिरोडा असो, बोदलकसा असो, गोंदिया जिल्ह्यात पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटला जात असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना. तंबाखूबद्दल सगळे बोलतात, चुन्याबद्दल कोणी नाही. चुन्याच्या क्षारामुळे सुपारीतल्या द्रव्यांचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते आणि गालाच्या आत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे जहाल रेणू तयार होतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. वर्षानुवर्षे तो सोसून पेशींच्या डीएनएवर घाव पडत जातात. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना खाल्लेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. ‘मी फक्त सुपारीच खातो’ म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावे.

पुढे तोंडात गाठ येते, किरणोपचार सुरू होतात. तेही बरेचसे अशाच रेणूंच्या जोरावर चालतात. किरणांनी पेशीतले पाणी फुटते, त्यातून निघालेली हायड्रॉक्सिल मूलके डीएनए तोडतात. गाठ विरघळते. तरी काहींची परत उगवते.

कारण गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. 1994 मध्ये टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या कर्करोगात रोग नव्याने उभा करणाऱ्या मोजक्या पेशी दाखवल्या. 2007 मध्ये डोके-मानेच्या कर्करोगातही तशा पेशी सापडल्या. त्यांच्या अंगावर सीडी44 नावाचे प्रथिन होते. या कर्करोगाच्या मूलपेशी.

त्या तगतात कशा? 2011 मध्ये जपानच्या केओ विद्यापीठातल्या संशोधकांनी जठराच्या कर्करोगात याचा एक धागा पकडला. सीडी44चा एक प्रकार पेशीच्या आवरणातल्या एका वाहक प्रथिनाला टिकवून धरतो. ते सिस्टिन आत ओढते, त्यापासून ग्लुटाथायोन बनते, आणि ग्लुटाथायोन जहाल रेणूंना निकामी करते. धानाने कोठी भरलेल्या घराला दुष्काळाची झळ उशिरा लागते, तसे.

म्हणून अँटिऑक्सिडंट म्हणजे नेहमीच भले, हा समज मला धोक्याचा वाटतो. क्यूबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन दिल्याने किरणोपचाराचा त्रास थोडा सौम्य झाला, पण गाठ परतण्याचे प्रमाण वाढीकडे झुकलेले दिसले. घरचे मायेने शक्तीच्या गोळ्या आणतात. उपचार चालू असताना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नयेत.

संधिवातावरचे सल्फासॅलझिन हे जुने औषध त्या वाहक प्रथिनाला अडवते. जपानमधल्या छोट्या चाचणीत काही रुग्णांच्या गाठीत सीडी44च्या त्या प्रकारच्या पेशी घटल्या. त्याने आयुष्य वाढते, हे मात्र अजून सिद्ध व्हायचे आहे.