उघडी जीप, पावसाळा आणि ताडपत्रीचा गैरसमज

कापडी हुडावर जाड ताडपत्री ओढली की उघडी गाडी पावसाळ्याला तयार झाली, हा समज चंद्रपूर-गडचिरोली भागात इतका पक्का आहे की मृगाच्या तोंडावर जीप किंवा जिप्सीवाला आधी ताडपत्रीच विकत घेतो. गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगरातून जिवतीकडे एका सरीत जाऊन यावे. ताडपत्री जागच्या जागी असते आणि चालकाचे गुडघे मात्र चिंब भिजलेले असतात. तरीही दोष कापडालाच दिला जातो, आणि पुढच्या वर्षी त्याहून जाड ताडपत्री येते.

चांगल्या स्थितीतल्या हुडाच्या कापडातून पाणी फारसे येतच नाही. ते येते जोडांमधून. छत हा या गाड्यांच्या मूळ सांगाड्याचा भाग नसतो, वरून अडकवलेली वस्तू असते. भारतात जीप बनू लागली तीच विलीस कंपनीचे सुटे भाग मुंबईत जोडून, 1940च्या दशकाच्या अखेरीस. पुढे अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हन या गाडीच्या धर्तीवर फायबरच्या बॉडीची आणि 1.8 लिटर इसुझू इंजिनाची उघडी रोडस्टर बांधली. छताच्या बाबतीत तिची अडचणही जीपसारखीच. चौकट, दार, पडदा आणि हूड हे चार वेगवेगळे तुकडे जिथे एकमेकांना टेकतात, तिथे फट राहतेच.

गाडी उभी असताना ही फट निरुपद्रवी दिसते. वेग घेतला की चित्र पालटते. हुडावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब आतल्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून कापड वर फुगते आणि समोरच्या काचेच्या चौकटीपासून किंचित उचलले जाते. नेमक्या त्याच जागी वाऱ्याने काचेवरून वर ढकललेले पाणी पोचलेले असते. ते चौकटीच्या आतल्या कडेने उतरून डॅशबोर्डवर आणि तिथून गुडघ्यांवर पडते. मागच्या बाजूलाही हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे चाकांनी उडवलेला चिखल पुढच्या दिशेने आत ओढला जातो. या दोन्हींवर जाड ताडपत्रीचा काडीचा उपयोग नाही. उलट ती फडफडते, हुडाच्या शिवणी घासते आणि मागचे दिसणे बंद करते. उपाय समोरच्या कडेला आहे: चौकटीवर नवे रबर बीडिंग, हूड ताणून धरणारे पट्टे आणि काचेच्या बिजागरीखालची पट्टी.

गळती शोधण्याची पद्धतही बहुतेक उलटी असते. वरून बादली ओतली की सगळेच ओले होते आणि काहीच कळत नाही. एकाने आत बसावे, जोडांच्या आतल्या कडेला खडूची पूड लावावी, आणि दुसऱ्याने बाहेरून नळीचे पाणी खालून वर न्यावे: आधी तळाचा पत्रा, मग बिजागरी, मग दारांच्या कडा, शेवटी हूड. प्रत्येक जागी काही मिनिटे थांबावे. पुडीत जिथे पहिली ओली रेघ उमटते, ती वाट.

शिवण मात्र खरोखर गळू शकते, कारण सुईचे प्रत्येक भोक हे भोकच असते. सुती कॅनव्हासचे धागे भिजल्यावर फुगून भोके बुजवतात, रेक्झिनचे तसे होत नाही. रेक्झिनच्या हुडाला आतून शिवणीवर सीलंटचा हात द्यावा लागतो. कॅनव्हास कपड्याच्या साबणाने धुतला तर त्यावरचा जलरोधक लेप निघून जातो.

प्रत्येक फट सिलिकॉनने भरावी, हेही खरे नाही. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याला गंज आणते. काच आतून धुरकटली म्हणजे गळती आहे असेही नाही. ती श्वासाची आणि ओल्या कपड्यांची वाफ असते, आणि पडदे घट्ट लावले की वाढते. मात्र हवेसाठी फक्त मागचा पडदा गुंडाळणे धोक्याचे, कारण त्याच कमी दाबाने सायलेन्सरचा धूर आत येतो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुढच्या बाजूची फट उघडी ठेवावी. सिमेंट कारखान्यांच्या पट्ट्यात वायपर कोरड्या काचेवर फिरवू नये: धूळ काचेला ओरखडते आणि ओली झाली की पाणी निघायच्या भोकांत घट्ट बसते. उंच जीप पुरातून निघते, हा भ्रम जीव घेतो; रपट्यावरून वाहणारे दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. वेल्डिंग करून पत्र्याचे छत बसवणे ही मालकाची मर्जी नव्हे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचना बदलू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केले आहे.

सगळ्यात घातक समज विजेचा. रबरी टायरांमुळे गाडीत वीज लागत नाही, असे शिकलेली माणसेही ठामपणे सांगतात. काही किलोमीटर हवा भेदून आलेल्या विजेला वीतभर रबर अडवू शकत नाही. बंद मोटारीत माणूस वाचतो तो पत्र्याच्या छतामुळे. वीज त्या बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जाते. कापडी हूड किंवा फायबरची बॉडी हे काम करत नाही, आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या सूचनांतही अशा गाड्या असुरक्षित म्हटल्या आहेत. उघड्या जिप्सींतून सफारी होते त्या ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटनासाठी बंद असतो, पण विजा मे-जूनच्या वळवातही पडतात आणि बफर क्षेत्रातल्या फेऱ्या पावसाळ्यातही चालतात. निघण्यापूर्वी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप पाहावे. गडगडाट ऐकू आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद पत्र्याच्या गाडीत जावे, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तिथेच थांबावे.