एकांगी स्फोट : श्वेत बटु तारे व त्यांचें चुंबकत्व



छत्रपति संभाजीनगराहून पैठणकडे जातांना वाटेंत बिडकीन लागतें. हिवाळ्यांतील निरभ्र संध्याकाळीं तेथील एखाद्या गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें, तर माथ्याच्या किंचित् खालीं ययाति नांवाचें तारकामंडल दिसतें. अलीकडे ह्या बाजूस औद्योगिक वसाहत उभी राहत आहे. तिच्या दिव्यांपुढें अंधुक तारे टिकोत, एवढीच इच्छा! ह्याच ययाति मंडलांत १९०१ च्या फेब्रुवारींत एडिंबरो येथील टॉमस अँडरसन ह्या हौशी निरीक्षकास एक परका तारा दिसला. दोनतीन दिवसांत तो उत्तर आकाशांतील बहुतेक सर्व ताऱ्यांहून तेजस्वी झाला, आणि पुढें कांहीं महिन्यांत मंदावून नुसत्या डोळ्यांस दिसेनासा झाला. ज्योतिषी त्यास जी. के. पर्सियाय म्हणतात.

नवतारा म्हणजे नवा जन्मलेला तारा नव्हे. उलट तो एका म्हाताऱ्या ताऱ्याचा संताप आहे. सूर्यासारखा तारा इंधन संपल्यावर आकुंचन पावून पृथ्वीएवढा होतो. वस्तुमान मात्र सूर्याच्या जवळपास राहतें. हाच श्वेत बटु. त्याच्या शेजारीं दुसरा तारा असेल, तर त्याच्या अंगावरील हायड्रोजन हा बटु ओढून घेतो. वर्षानुवर्षें सांचलेला हा थर तळाशीं इतका तापतो व दाबला जातो कीं शेवटीं त्यांत अणुगर्भीय ज्वलन भडकून थर आकाशांत उधळला जातो. बटु स्वतः शिल्लक राहतो, व पुन्हा सांचवूं लागतो.

आतां चुंबकत्वाकडे वळूं. पृथ्वीचें चुंबकत्व सुमारें अर्धा गॉस. कांहीं श्वेत बटूंचें लक्षावधि गॉस, क्वचित् त्याहूनहि पुष्कळ अधिक असतें. अशा बटूकडे येणारा वायु विद्युद्भारित असल्यामुळें त्यास वाटेल तिकडून पडतां येत नाहीं. तो चुंबकरेषांच्या कडेनें वाहत जाऊन ध्रुवांजवळ आदळतो. जी. के. पर्सियायमधील बटु ३५१ सेकंदांत स्वतःभोंवतीं एक फेरी घेतो, आणि त्याचे क्ष-किरणहि नेमके त्याच तालावर कमीजास्त होतात. तप्त जागा सर्व पृष्ठभर नसून एका बाजूस आहे, ह्याचा याहून चांगला पुरावा तो कोणता?

मग इंधन ध्रुवांवर पडतें तर स्फोटहि ध्रुवांवरच व्हावा, असें कोणीहि म्हणेल. पण प्रकरण इतकें सोपें नाहीं. तव्याच्या मध्यावर ओतलेलें धिरड्याचें पीठ आपोआप कडेपर्यंत पसरतें. तसाच ध्रुवावरचा हायड्रोजनहि दाब वाढल्यावर पसरत जाऊन सर्व पृष्ठ व्यापतो, आणि नवताऱ्याचा स्फोट सर्वांगीण होतो. तव्यावर कडें ठेवून त्यांत पीठ ओतलें, तर मात्र तें तेथेंच थांबेल. पुरेसें प्रबल चुंबकत्व हेंच तें कडें. २०२२ सालीं डरहॅम विद्यापीठांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ग्रह शोधण्यासाठीं पाठविलेल्या टेस उपग्रहाच्या नोंदींत कांहीं तासांत आटोपणारे असे तीन चमकारे दाखविले. त्यांची शक्ति नवताऱ्याच्या सुमारें दशलक्षांशाइतकीच होती. ध्रुवावरच कोंडलेल्या इंधनाचा हा एकांगी स्फोट असावा, असें त्यांनीं सुचविलें व त्यास सूक्ष्म नवतारा हें नांव दिलें. अनुमान मला पटण्याजोगें वाटतें, तरी तीन उदाहरणांवर इमारत उभारण्याची घाई नको.

ही सावधगिरी मीं उगीच सांगितली नाहीं. आकाशांतील प्रत्येक वांकडी आकृति चुंबकाच्या माथीं मारण्याचा मोह होतो. जी. के. पर्सियायनें उधळलेलें कवच आजहि पसरत आहे, व तें सर्व बाजूंनीं सारखें नाहीं. जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस ॲन्टेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पुण्याच्या निमिषा कंठारिया व बंगळूरच्या जी. सी. अनुपमा ह्यांनीं तिचा उपयोग करून ह्या कवचाचा अभ्यास २००५ मध्यें प्रसिद्ध केला. कवचाची रेडिओ किरणें नैर्ऋत्येकडून अधिक येतात. त्याचें कारण बटूच्या ध्रुवांत नसून बहुधा बाहेर आहे : त्या बाजूस पूर्वींचा वायु दाट असून कवच त्यावर आदळतें, आणि तेथील चुंबकक्षेत्रांत वेगवान् इलेक्ट्रॉन गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. चुंबकत्व येथेंहि आहे, पण दिवा लावणाऱ्याच्या भूमिकेंत. आकार देणाऱ्याच्या नव्हे. शिवाय जोडीदार ताऱ्याच्या फिरण्यामुळेंहि वायु विषुववृत्तावर दाट राहून स्फोट दोन ध्रुवांकडे लांबतो. भुजंगधारी मंडलांतील आर. एस. ऑफियूकाय ह्या ताऱ्याच्या २००६ मधील स्फोटानंतर हबल दुर्बिणीस असाच दुहेरी आकार दिसला होता.

हा काथ्याकूट केवळ कुतूहलापोटीं नाहीं. श्वेत बटु समूळ फुटला म्हणजे जो अतिनवतारा होतो, त्याच्या तेजावरून ज्योतिषी दूरच्या दीर्घिकांचें अंतर मोजतात. विश्वाचें प्रसरण वाढत्या वेगानें होत आहे, हा १९९८ मधील निष्कर्ष त्याच मापावर उभा आहे. स्फोट एकांगी असेल तर तेज पाहणाऱ्याच्या दिशेवर अवलंबून राहील, व माप चुकेल. ध्रुवित प्रकाशाच्या मापनांवरून हे स्फोट बहुतांशीं गोलच असल्याचें दिसतें, पण अगदीं गोल नव्हे.

जी. के. पर्सियाय मात्र अजून गप्प बसलेला नाहीं. साधारण तीन वर्षांनीं तो थोडा उजळतो. हे नवे स्फोट नव्हेत, बटूभोंवतींच्या वायूच्या चकतींतील भरती आहे. त्या दिवसांत साधी लहान दुर्बीण घेऊन पाहणारास तो बिडकीनच्या गच्चीवरूनहि सांपडेल.